हॉलोवे रोडच्या पलीकडची शाळा

मेरेडिथ ऑस्गुडने भर रस्त्यात माझा हात धरला आणि म्हणाली, "मिस व्हर्ना, तुमचं पत्र वाचून रडले हो मी." सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या उजव्या हातात 'थांबा' लिहिलेली लाल पाटी, डावा हात हिच्या ताब्यात, आणि माझ्यामागे मी राहते त्या फॉक्स रन अपार्टमेंटची अकरा पोरं फुटपाथच्या कडेला बुटांची टोकं लावून उभी. सतरा वर्षं मी या चौकात पोरांना रस्ता ओलांडून देते. एवढ्या वर्षांत मेरेडिथने माझा हात कधी धरला नव्हता. नाताळात बिस्किटांचा डबा देते, मी आभाराचं कार्ड टाकते, एवढाच आमचा व्यवहार. "कुठलं पत्र?" मी म्हणाले. "अहो, तेच. 'रोज सकाळी मी देवाला म्हणते, आज नको.' शाळा बोर्डाच्या अहवालात पहिल्याच पानावर घेतलंय. आमच्या अख्ख्या शेफर्ड्स ग्लेनमध्ये फिरतंय ते. किती मनापासून लिहिलंय तुम्ही! आता होईल बघा सगळं ठीक." तिने माझा हात दाबला आणि कुत्र्याला ओढत निघून गेली. निळा टी-शर्ट, पाठीवर 'पर्याय क'. माझी ओळ ही बाई मलाच म्हणून दाखवत होती. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन पाटी वर धरली. चारी पदरांतल्या गाड्या थांबल्या, पोरं गेली. कोण कोण गेलं ते मात्र मी त्या दिवशी पाहिलं नाही, आणि ही गोष्ट मला अजून लागते, कारण मी प्रत्येक पोराचं तोंड पाहते, नाक वाहतंय का, रडून आलंय का, जॅकेट घातलंय का.

दुपारी मी बहिणीकडे गेले. अर्नेस्टीन माझ्याहून चार वर्षांनी मोठी, कोर्टात टायपिस्ट होती, तिच्याकडे कॉम्प्युटर आहे आणि आपल्याला सगळं कळतं ही खात्रीही आहे. अहवाल तीनशे चाळीस पानांचा. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत माझी ओळ, खाली माझं नाव, त्याखाली आमच्या चौकाचा फोटो. शेवटी परिशिष्टात माझी सातही पत्रं जशीच्या तशी, माझ्याच अक्षरात. एकावर तर माझ्या कॉफीच्या कपाचा गोल डागसुद्धा छापला होता. नऊ वर्षांत सात पत्रं. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. मला वाटायचं की ती टोपलीत जातात. ती टोपलीत गेली नव्हती, कुणीतरी नीट फाइलला लावून ठेवली होती, आणि वेळ आल्यावर काढली होती. सातही पत्रांच्या शेवटी मी एकच लिहिलं होतं: तरी कृपा करून इथे सिग्नल बसवा. पहिल्या पानावर नेमकी तेवढीच ओळ नव्हती. आणि आत मांडलं होतं ते असं: पॉप्लर हिल शाळेत पोरं जास्त झाली आहेत, पटांगणात लाकडी खोल्या उभ्या कराव्या लागल्या आहेत, तेव्हा कुणाला तरी दुसरीकडे पाठवणं भाग आहे. पर्याय अ, शेफर्ड्स ग्लेनचा उत्तरेकडचा अर्धा भाग. पर्याय ब, थोडे यांचे, थोडे त्यांचे. पर्याय क, फॉक्स रन अपार्टमेंटची एकसष्ट पोरं, कारण त्यांना धोकादायक रस्ता ओलांडावा लागतो आणि त्यांच्या सुरक्षिततेसाठी त्यांना बसने कूपर्स लँडिंगच्या शाळेत पाठवणं श्रेयस्कर. श्रेयस्कर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कूपर्स लँडिंगला जायला पन्नास मिनिटं लागतात, वाटेत दुसऱ्या दोन शाळा लागतात. पॉप्लर हिल फॉक्स रनच्या जिन्यावरून दिसते. मधल्या सुट्टीची घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते.

"तूच म्हणालीस घाबरवून लिही म्हणून," मी अर्नेस्टीनवर ओरडले. "म्हणाले होते," ती चष्मा पुसत म्हणाली, "पण इतकं छान लिही असं नव्हते म्हणाले." हसणारच होते मी, पण हसू येईना. पहिलं पत्र लिहिलं त्या दिवशी एका ट्रकच्या आरशाने माझं कोपर फोडलं होतं. हात सुजून वांग्यासारखा झाला होता आणि मी डाव्या हाताने कच्चं लिहिलं: माननीय महोदय, हॉलोवे रोडवर गाड्या फार जोरात जातात. अर्नेस्टीनने वाचून ते टेबलावर टाकलं. म्हणाली, असली पत्रं मी तीस वर्षं टाइप केली, कुणी वाचत नाही. त्यांना मेलेलं पोर दिसलं पाहिजे. मग मी त्यांना मेलेलं पोर दाखवलं. रक्त दाखवलं, रस्त्यात पडलेला बूट दाखवला. तसं काहीही झालेलं नव्हतं. सतरा वर्षांत माझ्या चौकात एका पोराला खरचटलंसुद्धा नाही. हे मी एकाही पत्रात लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर सिग्नल कोण देणार होतं? दर पत्रात मी जरा जास्त भीती घालत गेले, सातव्या पत्रात तर मलाच रडू आलं होतं. बाकीच्यांना लबाड म्हणताना हे मी विसरत नाही. पण मी दिवा मागितला होता. यांनी माझ्या शब्दांनी शाळेच्या हद्दीची रेघ ओढली.

रात्रभर डोक्यात ती रेघ. फॉक्स रन आधीचं. शाळा आमच्यासाठी बांधली, रस्त्याच्या पलीकडे जागा स्वस्त होती म्हणून पलीकडे बांधली. शेफर्ड्स ग्लेन तेव्हा घोड्यांचं कुरण होतं, वारा आला की आमच्याकडे लिदीचा वास यायचा. मग कुरण विकलं गेलं, दोनशे घरं उठली, प्रत्येकाच्या दारात तीन-तीन गाड्या. घरं विकणाऱ्यांनी पॉप्लर हिल शाळेचा फोटो लावला होता पाटीवर. त्या फोटोत पायऱ्यांवर आमची पोरं बसलेली, मी ओळखते एकेकाला. घरं भरली, वर्ग भरले, आणि आता पोरं जास्त झाली म्हणे. जास्त कोणाची झाली? हे कुणी बोलत नाही. ग्लेनमधले लोक वाईट नाहीत, हेच तर चिडवणारं आहे. ते सकाळी मला नावाने हाक मारतात, थंडीत हातमोजे आणून देतात. कुणी एक अपशब्द बोलत नाही. सगळे फक्त काळजी करतात. ते काळजी करू लागले की माझ्या अंगावर काटा येतो.

आणि मला तरी सरळ एकसष्ट पोरांची पडली होती असं मी म्हणणार नाही. मला एकीची पडली होती. तामिया, माझी नात, आठ वर्षांची. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, गेली तेव्हा तामिया पाच वर्षांची होती. घरात ती माझ्याशी बोलायची, शाळेच्या दारात तोंड मिटायची ते घरी येईपर्यंत. सगळं पहिलं वर्ष तसं गेलं. शाळेने डॉक्टरांना दाखवलं, चित्रं काढून घेतली, बाहुल्या दिल्या. पोर मान हलवायची, बस. आणि मग दुसरीत केली नावाची मुलगी आली. केली आमच्या खालच्या मजल्यावरच्या रेनाची मुलगी, तोंडाचा पट्टा अखंड चालू, अर्धं इंग्रजी अर्धं स्पॅनिश. केलीने तामिया गप्प आहे हे बहुधा लक्षातच घेतलं नाही. एक दिवस मधल्या सुट्टीत केली काहीतरी चुकीचं सांगत होती, कासवाला दात असतात असं काहीतरी, आणि तामिया म्हणाली, "नसतात." बाई पळत ऑफिसात गेल्या, प्रिन्सिपल पुइटनी मला चौकात फोन केला, आणि मी हातात पाटी घेऊन फुटपाथवर बसून राहिले. आता ती बोलते. त्या इमारतीत, त्या बाईंसमोर, केली शेजारी असली की. मला वाटायचं हे काचेचं आहे, हलवू नका. आणि हे लोक ते उचलून पन्नास मिनिटांवर ठेवायला निघाले होते.

बोर्डाच्या सुनावणीत बोलायचं तर कॉम्प्युटरवर नाव घालावं लागतं. नोंदणी सोमवारी सकाळी आठला सुरू, पस्तीस जणांना प्रत्येकी तीन मिनिटं. आठला मी रस्त्यात असते. आठला रेना हॉटेलच्या तळघरात चादरी इस्त्री करत असते. फॉक्स रनमध्ये आठला घरी कोण असतं? आठ वाजून चार मिनिटांनी यादी भरली. मी दात-ओठ खात होते, आणि दुसऱ्या दिवशी मेरेडिथ आली. म्हणाली, "मिस व्हर्ना, माझी वेळ तुम्ही घ्या. तुमच्या तोंडून ऐकलं ना, की बोर्ड विरघळेल." मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या मनात शंकाच नव्हती. मी एका शब्दाने म्हणाले नव्हते की मी क च्या बाजूने आहे, पण तिला विचारायची गरजच वाटली नव्हती. मी मूग गिळले आणि म्हणाले, "घेते." मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. संध्याकाळी रेनाला सांगितलं तेव्हा ती जिन्यात मटकन बसली आणि तोंडावर हात धरून हसली. "त्यांच्याच वेळेत त्यांच्याच तोंडावर? व्हर्ना, तू चर्चला जातेस ना गं?" "जाते. म्हणून तर देव देतो," मी म्हणाले. मग ती हसायची थांबली. "नीट बोल हां," ती म्हणाली. "केलीला अजून सांगितलं नाहीये मी काही. तू बोललीस की सांगेन, शाळा तीच राहिली म्हणून."

सुनावणीच्या दिवशी हायस्कूलचं सभागृह टी-शर्टांनी निळं झालं होतं. दारात कुणीतरी लहान पोरांच्या गालांवर निळे ठिपके काढून देत होतं. आमची माणसं कामाच्या कपड्यांत शेवटच्या दोन रांगांत. टाळ्यांना बंदी, त्यामुळे एखाद्याचं बोलणं आवडलं की निळे लोक दोन्ही हात वर करून बोटं हलवायचे. चारशे माणसं, आवाज नाही, नुसती बोटं. एकामागून एक आया उठत होत्या आणि आमच्या पोरांची काळजी करत होत्या. एक म्हणाली, फॉक्स रनच्या मुलांना बसचा प्रवास आवडेल, त्यांना नवीन मित्र मिळतील. मला एकदम ओल्या लोकरीचा आणि डिझेलचा वास आला. मी बारा वर्षांची असताना ऐन जानेवारीत, वर्षाच्या मध्यात, आम्हा काळ्या पोरांना कोर्टाच्या हुकमाने बसमध्ये घालून गोऱ्यांच्या शाळेत नेलं होतं. तेव्हाही आमच्या भल्यासाठीच. आई बसच्या पायरीशी उभी राहून म्हणाली होती, पुढे बस, समोर बघ, कुणाला रडताना दिसायचं नाही. मी समोर बघत बसले आणि तिसऱ्या वळणावर हातमोज्यात ओकले, मग तो मोजा दिवसभर खिशात. कुणाला दिसलं नाही. पंचेचाळीस वर्षं झाली असतील, मला अजून बसमध्ये पुढच्या सीटवर बसवत नाही. आमच्या अंगावर धरून उचलायच्या पट्ट्या बांधलेल्या असतात की काय, की कुणालाही काही दुरुस्त करायचं झालं की आम्हाला उचलून बसमध्ये ठेवतात? तेव्हा मिसळायचं होतं, आता वेगळं काढायचं आहे, आणि बस आमचीच. हे मला बोलायचं होतं. हेच सगळं. मी अर्नेस्टीनसमोर चार वेळा म्हणून पाहिलं होतं, अडीच मिनिटं लागायची.

"एकविसाव्या, व्हर्ना हचिन्स," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. मी माइकपाशी गेले, आणि तिथे काय झालं ते मी शंभर वेळा आठवलं आहे. मी भाषणाला उभी राहिले नाही. मी चर्चमध्ये उभी राहिल्यासारखी उभी राहिले. आमच्यात चार माणसांत बोलायला उठलं की आधी मान द्यावा लागतो. आई तसं करायची, आजी तसं करायची, माझ्या तोंडाला दुसरी सुरुवातच ठाऊक नाही. मी म्हणाले, "प्रथम मान देवाला, जो माझ्या आयुष्याचा धनी आहे. मान अध्यक्षीणबाईंना आणि बोर्डाच्या सर्व सभासदांना. मान आमच्या प्रिन्सिपल पुइटसाहेबांना, ज्यांनी मला सतरा वर्षं सांभाळलं. मान सगळ्या शिक्षकांना, स्वयंपाकघरातल्या बायकांना, बसच्या ड्रायव्हरांना. मान इथे जमलेल्या सर्व आई-बापांना. आणि मान मेरेडिथ ऑस्गुडबाईंना, ज्यांनी आपली वेळ मला दिली." शेवटच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बोल, सिस्टर." त्याने मला आणखी बळ आलं, म्हणजे मी आणखी सावकाश झाले. मी कोपराची गोष्ट सांगितली, बाही वर करून व्रण दाखवला. म्हणाले, हा रस्ता वाईट आहे, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. म्हणाले, मी सात पत्रं लिहिली, आणि त्यात लिहिलं, रोज सकाळी मी देवाला म्हणते, आज नको. सभागृहभर बोटं वर गेली. चारशे जणांची बोटं, आणि पुढच्या रांगेत मेरेडिथ रडत होती. माइकजवळचा वेळेचा दिवा पिवळा झाला. आणि मी थांबले. मूर्ख बाई, मी थांबले, कारण लोक हात वर करून असताना बोलत राहायचं नसतं, त्यांचं होऊ द्यायचं असतं. माझ्या चर्चमध्ये वेळ देवाची असते. बोटं खाली आली. मी श्वास घेतला, म्हणाले, "पण," आणि दिवा लाल झाला, माइक मेला. मी माइकशिवाय ओरडले, "पण मी सिग्नल मागितला होता, मी..." चारशे माणसं पुन्हा हात हलवत होती, माझ्यासाठी. अध्यक्षीणबाई गोड हसून म्हणाल्या, "आम्ही तुमचे फार आभारी आहोत, मिस व्हर्ना. वेळ झाली. बाविसावे."

बाहेर मेरेडिथने मला मिठी मारली. तिच्या केसांना सफरचंदाचा वास होता. मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "मी तुमच्या बाजूने नाही. मी क च्या विरुद्ध आहे." ती मागे सरकली, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग तिच्या तोंडावर ती काळजी आली. "तुम्ही दमलाय," ती म्हणाली. देवाशपथ, मारलं असतं मी तिला. रेना गाड्या लावायच्या जागेत उभी होती. ती रागावली नव्हती, ते जास्त वाईट. "तू 'पण' म्हणालीस," ती म्हणाली. "पुढे काय होतं?" "सगळं पुढेच होतं," मी म्हणाले. तिने गाडीची किल्ली काढली. "आमच्याकडे पाद्री तासभर बोलतो," ती म्हणाली, "पण माइक त्याचा स्वतःचा असतो." आणि गाडीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मी बोर्डाच्या ऑफिसात गेले, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, लेखी म्हणणं शुक्रवारी पाचपर्यंत घेत होते. शुक्रवारी पाचला मला वाटत होतं मी माइकवर बोलणार आहे. दोन आठवड्यांनी मतदान झालं, पाच विरुद्ध दोन, पर्याय क मंजूर. मत देताना एक सभासद म्हणाले, मिस व्हर्नासारखी बाई, जिला त्या मुलांची आईसारखी माया आहे, ती जेव्हा आपल्यासमोर उभी राहून सांगते, तेव्हा आपण ऐकलं पाहिजे. नोंदीत ते तसंच आहे. मी गेल्यावरही कुणी काढून वाचलं तर त्यांना हेच दिसेल, की हचिन्सबाईंनी पोरांना बाहेर काढायला सांगितलं.

जूनमध्ये पुइटनी मला ऑफिसात बोलावलं. चांगला माणूस, नेहमी टाय सैल केलेला, खिडकीत मेलेलं झाड. त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. "व्हर्ना, नियम आहे," ते म्हणाले. "शाळेच्या नोकरदाराच्या घरातलं मूल हद्दीबाहेरचं असलं तरी इथे ठेवता येतं. तामिया राहू शकते. फक्त सही." मी विचारलं, "आणि केली?" "केलीची आई शाळेची नोकर नाही." "आणि मी उद्या नाही म्हटलं तर?" ते बोटांनी डोळे चोळत म्हणाले, "तर तामिया कूपर्स लँडिंगला जाईल, आणि या चौकातून एकही पोर जाणार नाही, मग मला तुला चौक द्यायला कारण उरणार नाही. दुसरीकडे कुठे बघतील. मी खोटं नाही बोलत तुझ्याशी." मला तो कागद फाडून त्यांच्या मेलेल्या झाडात खोचावासा वाटला. मला वाटलं, मी उठावं आणि सांगावं की एकसष्ट तर एकसष्ट, नाहीतर एकही नको. मी ते वाक्य मनात म्हटलंही, आणि ते कानाला फार बरं वाटलं. मग मला तामियाचं ते मिटलेलं तोंड दिसलं. पहिल्या वर्षी मी तिला आणायला जायचे तेव्हा ती ओठ इतके घट्ट दाबायची की भोवती पांढरं व्हायचं. पन्नास मिनिटं जाताना, पन्नास येताना, अनोळखी इमारत, अनोळखी बाई. "पेन द्या," मी म्हणाले. अर्नेस्टीनला सांगितलं तर ती म्हणाली, "मी नसती केली सही." तुला नात नाही, मी म्हणाले, आणि आम्ही ऑगस्टपर्यंत बोललो नाही. रेनाला मी सांगितलंच नाही. तिला कळलं. सगळ्यांना कळतं. एक दिवस कपडे धुवायच्या खोलीत ती माझ्या शेजारच्या मशीनमधून ओले कपडे काढत होती. न बघता म्हणाली, "मीही सही केली असती." आणि मग केलीचे मोजे एकेक करून झटकत राहिली, मी तिथून जाईपर्यंत.

मी आठवं पत्र लिहिलं. त्यात रक्त नव्हतं, बूट नव्हता, देव नव्हता. दोनच ओळी: माझी नात इथून रस्ता ओलांडणार आहे, सिग्नल बसवा. नऊ वर्षांत पहिल्यांदा उत्तर आलं, जाड कागदावर, खाली निळ्या शाईत सही. पादचारी विद्यार्थ्यांची संख्या आता अत्यल्प असल्याने सदर ठिकाणी सिग्नल निकषांत बसत नाही, आपल्या जागरूकतेबद्दल आभार. मी ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि समोरची बशी भिंतीवर मारली. तामिया दारात आली. "काय फुटलं, आजी?" "बशी," मी म्हणाले. तिने तुकडे गोळा केले, मोठे एका बाजूला, बारीक एका बाजूला. मग म्हणाली, "केली म्हणते त्यांची बस निळी असेल. मी म्हटलं सगळ्या बसेस पिवळ्याच असतात." "पिवळ्याच असतात," मी म्हणाले. "मग तिने विचारलं, तुझ्यासाठी खिडकीची जागा ठेवू का," तामिया म्हणाली. ती पॉप्लर हिललाच राहणार हे मी तिला अजून सांगितलं नव्हतं. मला वाटायचं तिने कुठूनतरी ऐकलं असेल, जसं सगळ्यांनी ऐकलं होतं. तेव्हा मी तिला सांगितलं. तिने हातातला तुकडा मोठ्यांच्या ढिगात ठेवला.

शाळेचा पहिला दिवस. मी साडेसातला चौकात. फॉक्स रनच्या फाटकापाशी साठ पोरं रांगेत, नवी दप्तरं, आया मागे. एकही माझ्या बाजूला येत नव्हतं. कुणी तोंड फिरवलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. दोघी-तिघींनी गुड मॉर्निंगही म्हटलं. तामिया माझ्या शेजारी फुटपाथच्या कडेला उभी होती, बुटांची टोकं कडेला लावून, जसं मी सतरा वर्षं सगळ्यांना शिकवलं. बस फाटकातून भरून निघाली आणि रस्त्यावर वळली, आणि त्याच वेळी तामियाला पलीकडे जायचं होतं, कारण शाळेची घंटा व्हायला आली होती. थांबावं का बस जाईपर्यंत, असं मला वाटलं. पण दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग लागली होती, बसमागे आणखी चाळीस गाड्या, नंतर जागाच मिळाली नसती. मी मधोमध गेले आणि पाटी वर धरली. चारी पदर थांबले. सगळ्यांत पुढे बस थांबली, माझ्यापासून दहा हातांवर, तिचं इंजिन माझ्या छातीत थरथरत होतं. सगळ्या खिडक्यांत तोंडं. त्यातलं प्रत्येक मी ओळखत होते, प्रत्येकाला मी हाताला धरून या रस्त्यावरून नेलं होतं. ती वरून माझ्याकडे पाहत होती. केली तिसऱ्या खिडकीत होती. तिने काचेवर तळहात आपटला आणि ओरडली, "तामिया! तामिया!" काच बंद होती, मला नुसतं तोंड दिसलं. तामिया रस्त्याच्या मध्यावर आली होती. तिने बसकडे पाहिलं नाही. ती समोर बघत होती, मान ताठ, आणि तिचे ओठ मिटलेले होते, भोवती पांढरं. मी म्हणाले, "चल बाळा, चल." तिने उत्तर दिलं नाही. मला वाटलं हात खाली घ्यावा, काहीतरी ओरडावं, बसच्या काचेवर ही पाटी हाणावी. पोर रस्त्यात असताना हात खाली घेता येत नाही. ती पलीकडच्या फुटपाथवर चढली, शाळेच्या वाटेला लागली. मग मी हात खाली घेतला आणि बसला जाऊ दिलं.